लग्नाशिवायचं येसर

माझ्या सासरच्या गावात येसर फक्त लग्नघरात दळायचे. हे मला कोणी सांगितलं नव्हतं आणि मीही कोणाला विचारलं नव्हतं. मी मुळात विचारणाऱ्यातली नाही, करून मोकळी होणाऱ्यातली आहे. शाळेत पोरांना मात्र जन्मभर सांगत आले, आधी विचारा, मग करा.

येसर म्हणजे काय ते आधी सांगते, कारण आता माझी नात त्याला सूप म्हणते आणि पुण्यात बसून कपातून पिते. गहू, हरभऱ्याची डाळ, मूठभर उडीद, थोडे तांदूळ, हे सगळं वेगवेगळं खमंग भाजायचं. मग धने, जिरे, मिरे, सुंठ, दगडफूल आणि सुकं खोबरं, तेही भाजायचं. सगळं एकत्र करून जात्यावर दळायचं आणि डब्यात दाबून ठेवायचं. संध्याकाळी घाई असली की तेलात लसूण-मोहरीची फोडणी द्यायची, त्यावर पाणी, हळद, तिखट, मीठ. पाण्याला उकळी फुटली की गार पाण्यात कालवलेलं दोन मुठी येसर त्यात सोडायचं आणि ढवळत राहायचं. चार कढ आले की आमटी झाली. डाळ शिजायची वाट बघायला नको, भाजी चिरायला नको. डाळही त्यातच, धान्यही त्यातच. पोटाला हलकी, आणि भाकरी कुस्करून खाल्ली तर दुसरं काही लागत नाही.

माझं माहेर दक्षिणेकडचं, जालन्याच्या अंगाचं. आमच्या घरी दर चैत्रात मिरची-मसाल्याबरोबर येसर व्हायचंच. आईचा डबा कधी रिकामा पाहिला नाही. पाहुणा अवेळी आला, शेतातून यायला उशीर झाला, कोणाला ताप आला, की आई त्या डब्याकडे हात करायची. येसर म्हणजे घाईचा आधार, एवढंच मला ठाऊक होतं.

लग्न होऊन मी आले ती देऊळघाटच्या पलीकडच्या एका लहान गावात. महाराष्ट्र राज्य तेव्हा नवं नवं होतं. गावोगाव शाळा निघत होत्या आणि शिकवायला बाया मिळत नव्हत्या. मी सातवीची परीक्षा पास झालेली होते आणि त्याचा मला चांगलाच तोरा होता. लग्नाला दोन वर्षं होत आली तेव्हा दोन कोसांवरच्या गावात मास्तरीण म्हणून माझी नेमणूक झाली. कागद हातात आला त्या दिवशी मी तो चार वेळा वाचला आणि पाचव्यांदा मोठ्यानं वाचून दाखवला.

घरात आम्ही चौघं. सासरे, ज्यांना मी मामाजी म्हणायचे, थोडं बोलणारे. आमचे हे आईपुढे मुळीच न बोलणारे. आणि सासूबाई, ज्यांना मी आत्याबाई म्हणायचे, ज्या ऐकून घ्यायच्या, विचार करायच्या आणि एकदाच बोलायच्या. त्यांची दोन्ही मनगटं सुजलेली असत. भाकरी थापणं, पाणी ओढणं त्यांना होत नव्हतं, त्यामुळे चूल माझ्याकडेच होती. त्यांनी कागदाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "जा तू शाळेत. दिवाळीपावतर पाहू. पण दिवे लागले की तुह्या मामाजीचं ताट वाढलेलं पाह्यजे. एक दिवस जरी ते उपाशी जागलीले गेले, तं शाळा बंद."

जागल म्हणजे रात्रीची शेताची राखण. ज्वारीत दाणा भरला की रानडुकरं येत, आणि मामाजी अंधार पडायच्या आत घोंगडी घेऊन शेतावर जात. शाळा साडेचारला सुटायची. दोन कोस पायी यायचं म्हणजे मी घरात शिरायची तेव्हा तिन्हीसांजा व्हायला आलेल्या असायच्या. हात-पाय धुऊन चुलीपाशी बसल्यावर माझ्या हाती अर्धा तास उरायचा. त्या अर्ध्या तासावर माझी शाळा टांगलेली होती.

पहिल्याच आठवड्यात फजिती झाली. तुरीची डाळ चुलीवर टाकली, लाकडं ओली निघाली, डाळ काही शिजेना. दिवा लागला, मामाजी ताटावर बसले. मी ती तशीच कच्ची, निब्बर डाळ वाढली. त्यांनी दोन घास नेटानं चावले आणि विचारलं, "दही हाय का?" दही-भाकरी खाऊन ते निघाले. सासूबाई दाराच्या चौकटीला टेकून उभ्या होत्या. "उपाशी तं नाही गेले," एवढंच त्या म्हणाल्या. पण ते त्यांनी फार सावकाश म्हटलं.

त्याच रात्री मला ट्रंकेच्या तळाशी ठेवलेली पोटली आठवली. लग्नात आईनं पाठवणीच्या सामानात एका पांढऱ्या फडक्यात बांधून येसर दिलं होतं. चांगलं पाच-सहा शेर होतं. दोन वर्षांत मी त्याला हात लावला नव्हता, कारण दिवसभर घरातच असायची आणि घाई कसलीच नव्हती. उघडून पाहिलं तर वास जसाच्या तसा. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी चुलीवर तवा ठेवला आणि बाजूच्या वैलावर आमटीचं पातेलं. तीन भाकरी होईतो आमटीला कढ आले होते. मामाजी बसले, पहिला भुरका मारला आणि म्हणाले, "सूनबाई, आज कोणाचं लग्न हाय?"

मला वाटलं वाखाणताहेत. मी पदर सावरून हसले. सासूबाईंनी "माहेरचं काय?" असं विचारलं आणि त्या दिवशी रोजच्यापेक्षा अर्धी भाकरी जास्त खाल्ली.

मग गाडी रुळावर आली. एक दिवसाआड येसराची आमटी, मधल्या दिवशी पिठलं. ताट एकदाही चुकलं नाही. शाळेत माझी पहिलीची पोरं बाराखडी म्हणू लागली. त्यातल्या निम्म्या पोरांच्या आया मला बाई म्हणून हाक मारायला लाजायच्या, नुसत्या दुरून हात करायच्या. मी वाटेनं येताना मोठमोठ्यानं पाढे म्हणत यायची, उगाचच, आनंद मावत नव्हता म्हणून. मला ती शाळा किती हवी होती ते मी कोणालाच सांगितलं नव्हतं. हवं असलेलं बोलून दाखवलं की कोणीतरी काढून घेतं, अशी काहीतरी भीती मला लहानपणापासून आहे.

दिवाळी दहा-बारा दिवसांवर आली आणि पोटली संपली.

शनिवारी सासूबाई गावातल्या दोघीतिघींबरोबर शेगावला दर्शनाला गेल्या. रविवारी संध्याकाळी यायच्या होत्या. रविवारी शाळेला सुट्टी. मी म्हटलं, हीच वेळ. घरात गहू होते, डाळ होती, धने होते. अंगणातली चूल पेटवली, लोखंडी कढई ठेवली आणि भाजायला बसले. डाळ गुलाबी झाली, मग धने टाकले, मग खोबरं. तो वास माझ्या माहेरच्या चैत्राचा होता. गल्लीला तो लग्नाचा वाटला.

शेजारच्या काकू सगळ्यात आधी आल्या. गल्लीतलं काहीही त्यांना सगळ्यांच्या आधी कळायचं आणि नाही कळलं तर त्यांना अन्न गोड लागत नसे. कुंपणापाशी उभ्या राहून त्यांनी नाक ओढलं.

"येसर भाजून राह्यली काय वं?"

"हो काकू. करावंच लागलं."

"अन तुही सासू?"

"शेगावला गेल्यात. त्यांना काय त्रास द्यायचा, म्हटलं आपणच करून टाकू."

काकू आत आल्या. माझ्याजवळ बसून हळू आवाजात म्हणाल्या, "तुळशीचं लग्न लागाच्या आधीच?"

मला तो प्रश्न विचित्र वाटला. तुळशीच्या लग्नाआधी लग्नं होत नाहीत हे मलाही ठाऊक होतं, पण आमटीनं कशाला मुहूर्त पाहावा? "मला तेवढं थांबता येत नाही काकू," मी म्हटलं, "दिवाळीच्या आत झालं की माझी काळजी मिटली."

काकूंनी पदर डोळ्यांना लावला. मी म्हटलं धूर लागला असेल आणि जळकं लाकूड बाजूला सारलं.

त्या गेल्या आणि चौघींना घेऊन परत आल्या. एकीच्या हातात हळदी-कुंकू, एकीच्या हातात सुपारी. त्यांनी जातं मधोमध मांडलं, त्याला हळदी-कुंकू वाहिलं, खुंट्याला पिवळा दोरा बांधला आणि पाळीपाळीनं दळायला बसल्या. मला हातही लावू देईनात. दळताना ओव्या म्हणत होत्या त्याही अगदी हळू आवाजात. एकजण दळता दळता थांबली आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "तू लय मोठ्या मनाची हाय बाई. तुह्या जागी मी असती तं हे जातं उचलून आंगणात फेकलं असतं."

मला वाटलं, शाळा करून घरचंही करते म्हणून म्हणताहेत. मी भरून पावले. दोन वर्षांत या गल्लीनं मला एवढं जवळ केलं नव्हतं. मनात म्हटलं, आपण उगीच या बायांना तुसड्या समजत होतो.

डबा भरला, बाया गेल्या. ऊन उतरू लागलं तसे आमचे हे शेतातून आले. चेहरा असा की काही हरवलं आहे आणि काय ते आठवत नाही.

"पारावर लोकं मले पेढे मागून राह्यले," ते म्हणाले.

"कशाचे?"

"म्हणते माह्यं दुसरं लग्न ठरलं. अन पहिलीच बिचारी येसर दळून राह्यली."

पहिल्यांदा मला कळेचना. मग काकूंचे डोळे आठवले, तुळशीचं लग्न आठवलं, मोठं मन आठवलं, आणि मामाजींचं ते "कोणाचं लग्न हाय" आठवलं. या गावात येसर लग्नाशिवाय दळत नाहीत. आमच्या घरात लग्नाचं कोणी नाही. सून दोन वर्षांत आई झाली नाही, वरून दिवसभर बाहेर असते. गल्लीनं बरोबर बेरीज केली होती.

माझा संताप झाला. जवळ हेच होते, म्हणून आधी यांच्यावरच झाला. "लोकांनी पेढे मागितले तर तुम्ही काय केलंत?" मी विचारलं. हे म्हणाले, "मी म्हटलं, मले काही माहीत नाही, घरी विचारून सांगतो." या उत्तरावर मी काय काय बोलले ते लिहीत नाही. बोलून झाल्यावर मात्र मला रडू कोसळलं. त्या बाया वाईट नव्हत्या. त्या माझ्यासाठी रडल्या होत्या, तेच मला सहन होत नव्हतं. मूल नाही हे दुःख मी कोणाला दाखवलं नव्हतं, आणि ते सगळ्या गल्लीनं हळदी-कुंकू वाहून दळलं होतं.

मी डोळे पुसत होते तोच सासूबाई दारात. प्रसादाचं गाठोडं काखेत, चेहरा दगडासारखा. एस.टी. थांबते त्या फाट्यावरच त्यांना सगळं कळलं होतं. त्यांनी गाठोडं खुंटीला अडकवलं, डब्याचं झाकण उघडलं, वास घेतला, झाकण लावलं.

"काऊन दळलं?"

काहीतरी सारवासारव करावी असं वाटलं, पण केली नाही. मी खरं तेच सांगितलं. "माहेरचं येसर संपलं, आत्याबाई. त्याच्याशिवाय मला अर्ध्या तासात ताट होत नाही. ताट झालं नाही तर तुम्ही शाळा बंद कराल. इथे लग्नाशिवाय दळत नाहीत हे मला माहीत नव्हतं. मला शाळा सोडायची नाही."

शेवटचं वाक्य मी त्या घरात पहिल्यांदाच बोलत होते. बोलल्यावर हलकं वाटलं आणि लगेच भीती वाटली. गावात तोंड दाखवायला जागा राहिली नाही म्हणून नोकरी बंद, असं त्या म्हणाल्या असत्या तर कोणी त्यांना नावं ठेवली नसती. त्या काही बोलायच्या आत अंगणात पाण्याचा आवाज झाला. मामाजी पाय धूत होते. खांद्यावर घोंगडी होती. शेजारच्या घरात दिवा लागलेला दिसत होता.

आमची चूल थंड होती. रडण्याभांडण्यात मी संध्याकाळ घालवून बसले होते. एवढा डबाभर येसर घरात, आणि ताट रिकामं. मी सासूबाईंकडे पाहिलं. त्यांनी दिव्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"पाहत काय बसली?" त्या म्हणाल्या. "पीठ घे. भाकरी तू थाप. कालवण मी करतो."

मी चूल पेटवली. त्यांनी वैलावर पातेलं ठेवलं आणि सुजलेल्या हातांनी लसूण ठेचला. फोडणी तडतडली. सासूबाईंनी जन्मात येसराची आमटी केली होती ती लग्नाची, हंड्यानं. चार माणसांचं माप त्यांना कुठून असणार? त्यांनी ओंजळ भरून येसर कालवलं आणि सोडलं. आमटी पिठल्यासारखी घट्ट झाली. त्यांनी तांब्याभर पाणी घातलं. मग ती पाणचट झाली, म्हणून आणखी ओंजळभर येसर. मग पुन्हा पाणी. पातेलं काठोकाठ भरलं तेव्हा घरातलं सगळ्यात मोठं गंज काढून त्यात ओतलं. मी भाकरी थापता थापता बघत होते आणि हसू दाबत होते. मघाशी रडलेल्या तोंडाला हसू दाबणं फार कठीण जातं.

मामाजी बसले. ताटात गरम भाकरी आणि वाटीत आमटी होती. बाहेर अजून अंधुकसं दिसत होतं. त्यांनी दोन वाट्या भुरकल्या, घोंगडी उचलली आणि गंजाकडे पाहून म्हणाले, "एवढं केलं. म्हणजे लग्न हायच म्हणा."

"लग्न नाही अन काही नाही," सासूबाई म्हणाल्या. "तुम्ही जा, डुकरं पाहा."

ते गेल्यावर त्यांनी ते गंज फडक्यानं धरलं. मनगटं दुखत असणार, पण मला उचलू दिलं नाही. "तू वाट्या अन पळी घे. माह्या मागं ये." आणि आम्ही गल्लीत निघालो. पहिलं घर काकूंचं. काकू दारात आल्या, माझ्याकडे बघून त्यांचे डोळे पुन्हा भरले. सासूबाईंनी त्यांच्या हातात आमटीची वाटी दिली.

"हे घे. अन आईक," त्या म्हणाल्या. "लग्न नाही माह्या घरी. माही सून शाळेत शिकवते. तिले सांजचा टाइम नसते, म्हणून दळलं. तिच्याच साठी दळलं. मीनंच सांगतलं होतं."

शेवटचं वाक्य धादांत खोटं होतं. त्याच दिवशी शेगावहून दर्शन घेऊन आलेली बाई माझ्यासाठी उंबऱ्यात उभी राहून खोटं बोलत होती. काकूंनी आमटी चाखली आणि म्हणाल्या, "मीठ कमी हाय."

सात घरं आम्ही केली. सातही ठिकाणी तेच वाक्य, तेवढ्याच शब्दांत. चौथ्या घरापासून मला ते पाठ झालं. शेवटच्या घरी, ज्या बाईनं जातं फेकून दिलं असतं ती म्हणाली, "मंग मलेही शिकव बाप्पा हे. माह्या घरीबी सांजचा टाइम नसते." मी तिला तिथेच उभ्या उभ्या सगळं सांगितलं, भाजण्यापासून कालवण्यापर्यंत, आणि गार पाण्याचं दोनदा सांगितलं. पुढच्या चैत्रात त्या गल्लीत चार घरांतून येसराचा वास आला आणि कोणीही कोणाला लग्नाचं विचारलं नाही.

दिवाळी आली. मी मनातून धास्तावलेलीच होते. दिवाळीपावतर पाहू, असं त्या म्हणाल्या होत्या, आणि पुढचं काहीच म्हणाल्या नव्हत्या. लक्ष्मीपूजन झालं, भाऊबीज झाली, मी माहेरी जाऊन आले. येताना आईनं आणखी एक पोटली दिली, ती मी सासूबाईंच्या हाती ठेवली. त्यांनी ती डब्यात ओतली, फडकं धुऊन वाळत घातलं. शाळेचं नाव नाही. मीही काढलं नाही. करून मोकळी होणारी मी, पण त्या आठवड्यात माझा धीरच होईना.

शाळा उघडायची होती त्या सकाळी मी मुद्दाम चुलीपुढे बसून राहिले. निखारे उगाच पुढे-मागे करत होते. सासूबाई परसातून आल्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग कोनाड्यातून माझी पिशवी काढली, पुस्तकांवर फडक्यात बांधलेली भाकरी ठेवली आणि पिशवी माझ्यापुढे धरली.

"ऊठ," त्या म्हणाल्या. "बसून काय राह्यली? शाळेले उशीर होईन तुले."